वहिनी, मोठ्यानं वाचा

लीड्स, इंग्लंड
रविवार, 7 डिसेंबर 2025

प्रिय आईस,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

हे पत्र तुला वहिनीच वाचून दाखवणार, हे धरूनच लिहायला बसले आहे. तुझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, चष्म्याचा नंबर अजून काढायचाय, दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू आहे तसाच. दादाला वाचायला दिलं तर तो दोन ओळी वाचून 'बाकी सारं बराबर हाय' म्हणेल नि घडी करून खिशात टाकेल. तेव्हा वहिनी, तुम्हीच वाचा. मोठ्यानं वाचा. पुढे तुमचा विषय येणार आहे, तिथे आवाज खाली आणू नका आणि ओळ गाळू नका. गाळलीत तर आईला कळतं, तुम्हाला माहीत आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर आपलं बोलणं कुठे जातं ते तुलाही ठाऊक आहे, आई. दर रविवारी मी 'कशी आहेस' विचारते, तू 'बरी हाय' म्हणतेस, आणि तिसऱ्या मिनिटाला आपण दोघी मिळून कोणाला तरी सोलत असतो. गेल्या रविवारी तेच झालं.

तू म्हणालीस, "माहा डोया आला वं पोरी! पण घरात पाहो तिकडं जायेच जाये. इतके दिस हे बाई झाडत काय होती?"

मी हसले. नुसती हसले असते तर एक वेळ चाललं असतं. मी म्हणाले, "तिला कुठे काय दिसतं!" तू खूश झालीस, मीही झाले, फोन ठेवला. मग रात्रपाळीला निघाले. इथे आता पावणेचारलाच सूर्य मावळतो, बसस्टॉपवर उभं राहायचं ते अंधारातच. बस यायला वेळ होता, आणि तुझं ते वाक्य डोक्यातून जाईना. फोन स्पीकरवर होता, हे मला तेव्हा सुचलं. तू फोन नेहमी स्पीकरवरच ठेवतेस, आणि चूल तिथून चार पावलांवर आहे.

आधी तुझ्या डोळ्याचं सांगते, कारण ते माझ्या नर्सच्या कामातलं आहे. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होत जातं, पिवळं, पुढे तपकिरीसुद्धा. एका दिवसात होत नाही, वर्षं जातात, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. चुलीच्या धुरातून घर पाहावं तसं सगळं दिसतं आणि आपण समजतो, घरच तसं आहे. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून नवं, स्वच्छ भिंग बसवतात. मग निळा रंग एकदम निळा दिसतो, पांढरं लुगडं डोळ्यात घुसतं, आणि कोपऱ्यातली जाळीही दिसतात. हे तुझंच नाही. आमच्याकडे एक आजी ऑपरेशननंतर आरशात बघून रागावल्या होत्या, माझ्या तोंडावर एवढ्या सुरकुत्या कोणी आणल्या म्हणून.

म्हणजे जाळी खरी आहेत, आई. तू खोटं बोलत नाहीस. पण ती वर्षानुवर्षं तिथेच होती, आणि तुझी नजर गेली होती तेव्हाही वहिनी घर झाडतच होत्या. आता नोव्हेंबर-डिसेंबरात त्या सकाळी भाकरी थापून कापसाच्या वेचणीला जातात ते दिवस मावळताना येतात. आढ्यापर्यंत झाडू न्यायला त्यांना वेळ कधी मिळतो, हे तू आणि मी कधी विचारलंच नाही.

मला मत्तयच्या सातव्या अध्यायातलं ते कुसळ आणि मुसळ आठवलं. आपल्या बायबलात तो जोड इतका चपखल बसलाय की वाटतं, प्रभूनं ते मराठीतच सांगितलं. मूळ ग्रीकमध्ये घराचा वासा आहे म्हणे. पण आपल्याला मुसळच बरं. आपल्या ओसरीच्या कोपऱ्यात उखळाशेजारी उभं असायचं ते, माझ्या खांद्याएवढं. आणि कुसळ काय असतं ते गायरानात हिंडलेल्या पोरीला शिकवावं लागत नाही. परकराच्या काठाला पाच-पन्नास चिकटून यायची, घरी आल्यावर तू एकेक उपटत बसायचीस. एकदा एक माझ्या डोळ्यात गेलं होतं. तू मला उन्हात उभं केलंस, पापणी उलटवलीस आणि पदराच्या टोकानं काढलंस. तेव्हा तू किती हळू हात लावला होतास! मला अजून आठवतं, तू श्वाससुद्धा धरून ठेवला होतास.

त्या वचनात प्रभू 'कुसळ राहू द्या' असं म्हणतच नाही, हे मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं. तो म्हणतो, आधी आपलं मुसळ काढ, मग तुला नीट दिसेल आणि भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढता येईल. कुसळ काढायचंच आहे. पण तू माझं काढलंस तसं. आपण सध्या काढतो ते कुसळ नव्हे, आपण डोळाच काढतो.

आपल्या घरात हे कुठून आलं मला सांगता येत नाही. बाबा होते तेव्हापासूनचं आठवतं. देवळातून घरी येईस्तोवर सगळे गप्प, आणि चपला काढल्या की सुरू. पाळक साहेबांचा उपदेश लांबला, पाळकीणबाईंनी मुलांना धाक लावला नाही, पेटीवाल्यानं भजन चढ्या पट्टीत घेतलं, अमक्याची साक्ष म्हणजे नुसती फुशारकी. पोह्यांची ताटली संपेपर्यंत मंडळीत एक माणूस धड उरायचा नाही. आम्हा पोरांना त्याची मजा वाटायची. मी सगळ्यांत हुशार, माझ्या नकला सगळ्यांत चांगल्या. बाबा म्हणायचे, "हे पोट्टी तोंडावर बोलते." मी ते बक्षिसासारखं जपलं. पुढे त्यालाच मी स्पष्टवक्तेपणा म्हणू लागले. पण तोंडावर मी फार थोड्यांना बोलले, आई. बहुतेकांना पाठीमागेच बोलले.

इथे आल्यावर माझ्या इंग्रजीला कोणीतरी हसलं असेल आणि मग माझे डोळे उघडले असतील, असं वहिनींना वाटेल. तसं काही झालं नाही. माझ्या इंग्रजीला कोणी हसलं नाही. उलट मीच इथल्या लोकांच्या चुका मोजत होते. चहा किती वेळा पितात, पेशंटची चादर कशी ओढतात, देवळात म्हाताऱ्यांशिवाय कोणी कसं नाही, हे सगळं मी तुला दर रविवारी सांगत आले आहे. तूही 'मंग!' म्हणत आलीस.

वॉर्डात एक प्रकार असतो, त्याला सगळे डेटिक्स म्हणतात. काही चुकलं, औषध उशिरा दिलं गेलं, कोणी पडलं, तर कॉम्प्युटरवर एक फॉर्म भरायचा. गोष्ट चांगली आहे. त्यातून चुका कळतात, पुढचा पेशंट वाचतो. मी मात्र तो फॉर्म भरण्यात पटाईत झाले होते. आमच्याकडे साठीच्या एक बाई हेल्थकेअर असिस्टंट आहेत. नावानं नाही लिहीत, मावशी म्हणते. चालायला सावकाश, बोलायला त्याहून सावकाश. या जानेवारीत एका रात्री त्यांनी एका पेशंटच्या पाण्याच्या तक्त्यात दोन ते सहाच्या रकान्यांत काहीच लिहिलं नव्हतं. किती पाणी प्यायला, किती लघवी झाली, सगळं कोरं. सकाळी मी फॉर्म भरला. जरूर होती तेवढं दोन ओळींत लिहून झालं असतं, मी दहा ओळी लिहिल्या. पाळी बदलताना हँडओव्हरला येणाऱ्या सिस्टरलाही सांगितलं, वरून चहाच्या खोलीत आणखी दोघींना.

मावशींना मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं की शेजारच्या पलंगावरचे आजोबा भ्रमात होते, दर पाच मिनिटांनी उठून 'घरी जातो' म्हणत होते, आणि मावशी चार तास त्यांच्या पायाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. ते पडले असते तर खुब्याचं हाड गेलं असतं. तक्ता कोरा राहिला ही चूकच. पण मी त्या रात्रीचा अर्धाच भाग लिहिला होता.

फेब्रुवारीत आमच्या वॉर्ड मॅनेजरनं मला बोलावलं. मी घाबरतच गेले. तिनं एक कागद हातात दिला. इथे डेटिक्सच्या उलटा आणखी एक फॉर्म असतो, त्याला कौतुकानं ग्रेटिक्स म्हणतात. बर्मिंगहॅमच्या लहान मुलांच्या रुग्णालयात 2014 मध्ये ही पद्धत सुरू झाली. चुकलेल्याची नोंद ठेवतो तशी चांगल्या झालेल्याचीही ठेवा, त्यातूनही शिकता येतं, असा त्यामागचा विचार. पुढे ती बऱ्याच रुग्णालयांत गेली. त्या कागदावर लिहिलं होतं की ही सिस्टर डोळ्यात थेंब घालण्याआधी बाटली तळहातात धरून तिला ऊब देते, त्यामुळे आजोबा आता डोळे घट्ट मिटून घेत नाहीत, आणि मी तिचं पाहून तसंच करायला लागले. खाली मावशींचं नाव.

माझ्या फॉर्मचं त्यांना ठाऊक होतं, आई. दोन आठवडे आधी त्यांना बोलावून समजही दिली गेली होती. त्यानंतर त्यांनी हे लिहिलं.

मी मॅनेजरला 'थँक यू' म्हटलं आणि बाहेर येऊन कपड्यांच्या खोलीत उभी राहिले. रडले वगैरे नाही. फक्त त्या दहा ओळी एकेक करून आठवत होत्या.

त्यानंतर महिनाभरात लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, लागला. या वर्षी राखेचा बुधवार 5 मार्चला होता, ईस्टर 20 एप्रिलला. माझ्यासोबत घरात केरळच्या दोघी नर्स राहतात. एकीनं मासळी सोडली, एकीनं फोनवरचे व्हिडिओ. मी ठरवलं, उणं काढायचं सोडायचं. नुसतं ठरवून काही होत नाही हे मला माहीत होतं, म्हणून जॅमची रिकामी बाटली ओट्यावर ठेवली. कोणाविषयी वाईट बोलले, किंवा बोलायला तोंड उघडलं, की दादाच्या शेतातल्या तुरीच्या डाळीचा एक दाणा त्यात टाकायचा. कामावर असले तर तळहातावर पेनानं रेघ आणि घरी आल्यावर दाणे.

पहिल्या दिवशी तेवीस दाणे पडले. मला वाटत होतं, पाच-सहा पडतील. दुसऱ्या दिवशी ठरवून गप्प राहिले तरी अकरा, कारण मनात बोललेलंही मी धरत होते. मग कळायला लागलं की हे कधी येतं. भूक लागली की, पाळी लांबली की, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे दुसऱ्या कोणाचं कौतुक कानावर आलं की. हे शेवटचं लिहायला हात जड होतोय, पण खरं आहे. मी कोणाचं उणं काढते तेव्हा बहुतेक वेळा त्या माणसाचं काही चांगलं मला नुकतंच दिसलेलं असतं.

तोंड नुसतं बंद ठेवून भागत नाही, हेही त्या दिवसांत कळलं. पौलानं फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेलं ते वचन आपल्या घरी कॅलेंडरवर होतं, आठवतं? जे काही सत्य, जे काही आदरणीय, जे काही शुद्ध, त्यांचं मनन करा. चौथ्या अध्यायाचं आठवं वचन. पण त्याच अध्यायाचं दुसरं वचन कोणी कॅलेंडरवर छापत नाही. त्यात पौल दोन बायांची नावं घेतो, युवदीया आणि सुंतुखे, आणि दोघींना वेगवेगळी विनंती करतो की एकचित्त व्हा. दोघीही सुवार्तेसाठी त्याच्याबरोबर झटलेल्या. कोणाचं चुकलं ते तो सांगतच नाही. स्वतः तुरुंगात होता तो. कुरकुर करायला त्याच्याकडे भरपूर होतं. आणि आठवं वचन त्यानं लिहिलं ते हवेत नव्हे, त्या दोघींचं भांडण ज्या मंडळीत चाललं होतं तिलाच लिहिलं. मग मी रोज रात्री एका माणसाविषयी एक खरी चांगली गोष्ट वहीत लिहायला लागले. खरीच हवी, लोणी लावायचं नाही. मावशींवर सोळा ओळी झाल्या आहेत आतापर्यंत. त्यांना जाऊन सॉरीही म्हटलं. त्या म्हणाल्या, तक्ता भरायचा राहिला होताच की, आणि चहा करायला गेल्या. सावकाश.

ईस्टरच्या आदल्या रात्री बाटली रिकामी करून मी त्या डाळीचं वरण केलं. वरण कसलं, डाळीचं पाणी! दीड महिन्याची निंदा एका माणसाच्याही पोटाला पुरली नाही. केरळच्या दोघी फार हसल्या.

आणि हे सगळं झाल्यावर गेल्या रविवारी मी म्हणाले, 'तिला कुठे काय दिसतं!' म्हणजे बघ.

आता दादासाठी एक. त्याला तू म्हणतेस, 'येता-जाता रडगाणं गातो, देवाचे उपकार मानत नाही.' दादाला यात ओढू नकोस. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव यंदा क्विंटलला 8,110 रुपये जाहीर झालाय, आणि ओलाव्याच्या नावाखाली त्याच्या हातात किती येतं ते त्यालाच ठाऊक. त्याबद्दल त्यानं बोलणं ही कुरकुर नव्हे. आपल्याकडे 'कुरकुर न करता करा' हे वचन नेमकं अशाच माणसाच्या तोंडावर मारतात. स्तोत्रांत कितीतरी गाऱ्हाणीच आहेत. 'हे परमेश्वरा, कुठवर?' असं विचारणाऱ्याला देवानं कधी हाकलून दिलं नाही. गाऱ्हाणं ज्याच्यापाशी न्यायचं त्याच्यापाशी दादा नेतो. आपण दोघी ते भलत्याच दारात नेतो, एवढाच फरक.

आणि आता ते, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. वहिनी, पाणी प्या आणि पुढे वाचा.

गणनेच्या पुस्तकात बारावा अध्याय आहे. मोशेनं एक कूशी बायको केली होती, तिच्यावरून त्याची बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन त्याच्याविरुद्ध बोलायला लागले. मिर्याम काही वाईट बाई नव्हती. लाल समुद्र ओलांडल्यावर डफ घेऊन बायकांच्या पुढे नाचली ती हीच. सगळे धरतात की बाळ मोशेची पेटी नदीत सोडली तेव्हा काठावर लपून पाहत उभी होती तीही हीच. पण भावजय परक्या लोकांतली आली आणि तिला ते खपलं नाही. पुढे ती मोशेच्या मोठेपणावरच घसरली, आमच्याद्वारे नाही का देव बोलला म्हणून. ओठावर भावजय, पोटात ते. मिर्यामच्या अंगावर कोड उठलं, बर्फासारखं पांढरं. (अहरोनाला काही झालं नाही. यावर आपल्या महिला मंडळात कधी कोणी प्रश्न विचारला नाही, मला तर नेहमी विचारावासा वाटतो.) सात दिवस तिला छावणीबाहेर ठेवलं, आणि ती परत येईपर्यंत एवढी मोठी मंडळी जागची हलली नाही. तिच्यासाठी प्रार्थना कोणी केली? ज्याच्या घरातलं माणूस तिनं बोलून काढलं, त्यानंच. देवा, हिला बरी कर. एवढीच.

लहानपणी हा अध्याय वाचताना माझ्या डोळ्यांपुढे कोठाऱ्याचा कुष्ठरोग्यांचा मिशन दवाखाना यायचा. बायबलातलं कोड आणि आपल्याकडचा कुष्ठरोग एकच नव्हे, हे मी नर्सिंग करताना शिकले. आणि कुष्ठरोगही जंतूनं होतो, हॅन्सननं तो 1873 मध्ये शोधला, आता एमडीटीच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. कोणाच्या पापाची ती शिक्षा नाही, हे मंडळीत एकदा मोठ्यानं सांगायला हवं. पण माझ्या लहानपणी मी पाहिलं ते हे की आजोबा तिथे ड्रेसिंग करायला जायचे आणि कधी कधी मला सायकलवर पुढे बसवून न्यायचे. पेशंट बाकावर बसला की ते आधी त्याच्या चपला उचलून पाहायचे, एमसीआर रबराच्या मऊ तळाच्या, कुठे झिजल्यात का. मग पाय. आणि दोन पायांपैकी आधी चांगला पाय हातात घ्यायचे. बराच वेळ. मग जखमेचा. मी विचारलं होतं, दुखऱ्या पायाचं सोडून हा कशाला बघता? ते म्हणाले, "हा कसा हाय ते ठाऊक नसन, तं त्याचं काय बिघडलं ते कसं समजन?"

वहिनी, तुम्ही चिखलदऱ्याच्या बाजूच्या कोरकू घरातून आमच्याकडे आलात. कोरकू म्हणजे नुसतं 'माणसं', हे तुम्हीच मला एकदा सांगितलं होतं, कोरो म्हणजे माणूस म्हणून. मी ऐकलं आणि सोडून दिलं. तुमची बोली मराठीची बहीणही नाही, ती मुंडा कुळातली. म्हणजे मराठी तुम्ही आश्रमशाळेत परकी भाषा म्हणून शिकलात, जशी मी इंग्रजी शिकले. 'तो भाजी' आणि 'ती भात' यावर आम्ही किती हसलो! तुमच्या कुटकीच्या भाताला आई पाखरांचं खाणं म्हणाली, तेव्हाही मी हसले, आणि मग दोनदा वाढून घेतला.

तुमच्या लग्नानंतरचा पहिला नाताळ. महिला मंडळात तुम्हाला लूकचा अठरावा अध्याय वाचायला दिला होता. दोघे जण प्रार्थना करायला वर मंदिरात गेले, एक परूशी व दुसरा जकातदार. तुम्ही 'परूशी'चं 'पुरुषी' वाचलंत. बायका हसल्या. हसून विसरल्याही असत्या.

'पुरुषी वहिनी' हे नाव पुढे सगळ्या आते-मामे भावंडांत पसरलं, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चाललं, एकदा तुमच्या समोरच लहान पोरानं तुम्हाला हाक मारली. कोणी ठेवलं ते नाव, असं दादानं चिडून विचारलं होतं. सगळे गप्प राहिले. मीही राहिले.

ते नाव मी ठेवलं.

आई, तुला हे माहीत नव्हतं. तू सुनेच्या भाकरीला जाड म्हणतेस, पण तू असं कधी केलं नसतंस. त्यानंतर वहिनींनी देवळात कधी वाचलं नाही. कोणी वाचायला दिलं तर 'चष्मा नाही' म्हणतात. त्यांचे डोळे तर चांगले आहेत. तुझ्या औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं त्याच वाचतात ना?

वहिनी, मी क्षमा मागते. फोनवर मागणार होते, पण फोनवर तुम्ही 'जाऊ द्या ना ताई' म्हटलं असतं आणि माझी सुटका झाली असती. पत्र राहतं. दादालाही दाखवा. ग्रुपवर मी आजच लिहिलं आहे की ते नाव माझं होतं आणि ते आता कोणी घेऊ नये. दोघांनी अंगठा दाखवलाय, बाकी गप्प आहेत. क्षमा आत्ताच करा असंही म्हणत नाही. मिर्यामलाही सात दिवस लागले होते.

आई, तुला एकच मागते. रविवारी फोन करशील तेव्हा पहिली पाच मिनिटं वहिनींना दे, त्यांच्याशी बोलून झालं की मग तू घे. आणि जाळ्यांचं दादाला सांग. त्याचा हात आढ्याला पोचतो.

पत्र नाताळाच्या आत पोचलं तर बरं. करंज्या करताना मला आठवा, इथे नारळ मिळतो पण खवणी नाही. मी 25 ला कामावर आहे, दिवसपाळी. मावशीही आहेत.

सगळ्यांना सलाम, पाळक साहेबांना आणि पाळकीणबाईंनाही.

तुझी,
धाकटी

ता. क. वहिनी, हे तुमच्यासाठी. दोन वेगवेगळे थेंब घालायचे असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन नेतो. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. ती चुलीच्या बाजूच्या फळीवर ठेवू नका, तिथे तापते. फोडून 28 दिवस झाले की उरलं असलं तरी फेकून द्या, आई 'पैशाचं हाय' म्हणेल, ऐकू नका, दुसरी आणा. आणि घालण्याआधी बाटली थोडा वेळ तळहातात धरून ठेवा.